बायका होडी वल्हवत अख्खा महासागर ओलांडतात आणि त्यातून देणग्या गोळा करतात म्हणे. एवढा खटाटोप कशाला? सरळ पैसेच का मागत नाहीत?

सरळ पैसे मागून बघितलेत का कधी? मी मागितलेत. जळगावात, पावतीपुस्तक काखेत मारून, बचत गटातल्या चौघींना घेऊन. कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईला जाणाऱ्या खेड्यापाड्यातल्या बायांना गाडीभाडं आणि तिथल्या मुक्कामाचा खर्च द्यायचा, एवढंच काम होतं. दोन रविवार दारोदार फिरलो. "साहेब घरी नाहीत." "आत्ताच सप्ताहाला दिले हो ताई." फार झालं तर एकावन्न रुपये. आठ हजारसुद्धा जमले नाहीत.

तेव्हा माझ्या भाचीने मला इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या चौघींबद्दल सांगितलं. चाळिशी-पन्नाशीच्या, लेकुरवाळ्या, नोकरी-धंदा करणाऱ्या बायका. 20 डिसेंबर 2015 ला कॅनरी बेटांतल्या ला गोमेराहून निघाल्या आणि 67 दिवसांनी पलीकडे कॅरिबियनमधल्या अँटिग्वाला पोचल्या. जवळपास 4,800 किलोमीटर अटलांटिक, तोही हातांनी. देणग्या गेल्या कॅन्सरच्या रुग्णांना आधार देणाऱ्या 'मॅगीज' संस्थेला आणि यॉर्कशायरच्या हवाई रुग्णवाहिकेला.

या होड्यांवर दोन तास वल्हवायचं, दोन तास झोपायचं, रात्रंदिवस हेच चक्र. खाऱ्या पाण्याने बसायच्या जागी फोड येतात. पाणी यंत्राने समुद्राचंच गोडं करायचं. संडास म्हणजे बादली. आणि वल्हवणारी बसते पाठमोरी. पुढे काय वाढून ठेवलंय ते दिसत नाही, मागे पडलेलं पाणी तेवढं दिसतं. (संसाराचं वेगळं काय असतं म्हणा.)

पण तुम्ही पैशाचं विचारलंय. माझ्या मते खरी मेख त्या 67 दिवसांत आहे. आपण एकदा दार वाजवतो, माणूस एकदा 'नाही' म्हणतो, विषय संपतो. इथे घरी बसलेली माणसं रोज इंटरनेटवरच्या नकाशावर होडीचा ठिपका बघतात. आज किती सरकल्या, वादळ होतं का, जेवल्या का. चार दिवसांत त्या 'आपल्या' होतात, आणि आपल्या माणसाला कोणी एकावन्न रुपये देत नाही.

एक गोष्ट मात्र देणाऱ्याने विचारावीच. होडी, अशा शर्यतीची प्रवेश फी, सामान यांचा खर्च थोडाथोडका नसतो. तो प्रायोजकांकडून वेगळा उभा केलाय, की आपल्याच देणगीतून निघणार? नीट संघ हे आधीच सांगून टाकतात. पुष्कळ जणी मोहिमेनंतर होडी विकूनही टाकतात. उत्तर गुळमुळीत आलं तर मी पाकीट काढणार नाही.

आमच्याकडे समुद्र कुठला! मग भाचीच्या ओळखीने एका जिमवाल्याकडून वल्हवण्याचं मशीन एका दिवसापुरतं मागून आणलं आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाजारपेठेत मांडव टाकून ठेवलं. सकाळी सहापासून आळीपाळीने अकरा जणी, नऊवारीपासून ट्रॅकसूटपर्यंत. शेजारी फळा. मशीनवर जितके किलोमीटर होतील तितके धुळ्याच्या रस्त्यावर मोजायचे. पाळधी आलं, एरंडोल आलं. भाजी घ्यायला आलेली एक म्हातारी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पानी नही, काही नही, नाव कथा चालनी वं माय?" (म्हणजे, होडी चालली कुठे?) सगळा मांडव हसला. तिला कारण सांगितलं, तर तिने कनवटीची दहाची नोट काढून डब्यात टाकली आणि तिथेच पायरीवर बसली. पारोळा येईपर्यंत उठली नाही.

माझी पाळी दुपारी एकला आली. पहिली दहा मिनिटं ऐट होती. मग तळहाताची कातडी सोलायला लागली आणि कळलं, जोर हातांत नसतोच, तो पायांनी मारायचा असतो. दोन तास कुठले, पस्तीस मिनिटांत मी उतरले.

आणि वल्हं आपल्याकडे नवलाईचं नाही बरं का. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये नंदुरबारच्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे मासेमाराची होडी मागून घेऊन नर्मदेतून 18 किलोमीटर वल्हवत पाड्यांवर जात होत्या, गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठी आहार घेऊन. त्यांच्यासाठी नकाशावर ठिपका कोणी लावला नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं.

संध्याकाळी पाचला मशीन परत द्यायचं होतं. तेव्हा आम्ही मुकटीला पोचलो होतो, धुळं वीसेक किलोमीटर राहिलं. डबा उघडला तर एक्केचाळीस हजार निघाले. दोन रविवारी ज्यांचे साहेब घरी नव्हते, त्यांतले दोघे साहेब स्वतः येऊन टाकून गेले होते.

परवा बाजारात कोथिंबीर घेताना भाजीवाल्याने विचारलं, "ताई, मुकटीहून पुढे कधी निघणार?"