माझ्या सहा वर्षांच्या भाचीला रोज रात्री समुद्री चाच्यांची गोष्ट हवी असते. मुंबईतलीच, गमतीची, फार न घाबरवणारी गोष्ट कशी रचू?

सगळ्यात आधी सोन्याची पेटी काढून टाका. सोनं आलं की नकाशा येतो, तलवारी येतात आणि झोपेचं खोबरं होतं. शिवाय सहा वर्षांच्या पोरीला सोन्याचं काय कौतुक? चाच्यांनी भलतंच काहीतरी चोरलं पाहिजे.

आमच्याकडचे चाचे भोंगे चोरतात. ३१ डिसेंबरला रात्री बाराच्या ठोक्याला मुंबई बंदरातली जहाजं भोंगे वाजवतात, हे माझगाव-कुलाब्याकडच्या लोकांना सांगायला नको. तर चाच्यांनी ते सगळे आवाज लोणच्याच्या बरण्यांत भरले आणि वरून दादरे घट्ट बांधून टाकले. आता कुठलंही जहाज भोंगा वाजवायला गेलं की नुसतं फुस्स! एका कप्तानाला तर लाजेकाजेस्तव तोंडानंच "पोंऽऽ" करावं लागलं. हा "पों" मुलांना करायला द्या, तुमची निम्मी मेहनत वाचते.

चाच्यांची पुढारी एक म्हातारी तांडेलीण, म्हणजे होडीची कप्तानीण आहे, तिला सगळे बय म्हणतात. जहाज तिला गलबतच द्या. गलबताला शीडंही असतात आणि वल्हीही, त्यामुळे वारा पडला तरी ते चालतं. हे काही मी मनानं घातलेलं नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला जहाजांचा वेढा घातला. पण मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्रीच्या, उथळ पाण्यातून वल्हवत सामान पोचवत राहिल्या आणि मोठी जहाजं वाऱ्याची वाट बघत बसली. लहानग्यानं थोराडाला चकवणं मुलांना कितीही वेळा चालतं.

एक मात्र पाळा. कान्होजी आंग्र्यांना चाचा करू नका. इंग्रज त्यांना चाचा म्हणत, पण ते मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख होते. त्यांची दस्तकाची पद्धत मात्र बिनधास्त उचला. त्यांच्या दर्यात फिरायचं तर व्यापारी जहाजाला त्यांचा परवाना, म्हणजे दस्तक, घ्यावं लागे. आमच्या गोष्टीत बंदराच्या तोंडाशी एक चिंबोरी कारकून बसते. दोन नांग्यांत दोन शिक्के, आणि चालते आडवी, त्यामुळे रांग सतत बाजूला सरकत राहते. बोंबलानं दस्तक दाखवलं तर म्हणते, "ओलं आहे, वाळवून आणा." बोंबील म्हणतो, "वाळलो तर परत कसा येऊ?" (आमच्याकडे यावर बराच वेळ खिदळणं चालतं.)

आता घाबरवायचं नाही म्हटलं तर अडचण कुठून आणायची? भरती-ओहोटीतून. जादू कितीही करा, पण भरतीची वेळ खरी ठेवा. सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे रात्री नऊला पूर्ण ओहोटी. बरोबर झोपायच्या वेळी गलबत शिवडीच्या चिखलात रुतलं! आता पाणी येईपर्यंत कुणालाच हलता येत नाही, सगळे चाचे घोरायला लागले, तूही झोप. पोर कुरकुरलं तर कॅलेंडरवरची तिथी दाखवायची. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, म्हणून दररात्री गोष्ट वेगळ्या जागी अडकते. आठवड्यानं झोपायच्या वेळेला भरतीच येईल, त्या रात्री मात्र गलबत सुसाट सोडायचं आणि जांभई यायची वाट बघायची.

हिवाळ्यात शिवडीला रोहित पक्षी असतात, त्यांना गलबत ओढायला लावा. पण ते एका पायावर उभे राहणार, म्हणून निम्मंच ओढणार. निवट्या हा मासा चिखलावरही चालतो नि पाण्यातही पोहतो, त्यामुळे हेर तोच. तो कुणाच्या बाजूचा हे मी अजून ठरवलेलं नाही, तुम्हीही घाई करू नका.

शेवट खांदेरीवर. तिथे खरोखरच एक दगड आहे, त्यावर दुसरा दगड आपटला की भांड्यावर आपटल्यासारखा खणखणतो. बरण्या त्याच्याखाली. बयनं ते आवाज का चोरले होते, तर तिच्या गलबताला भोंगाच नव्हता आणि ३१ डिसेंबरला तिला कुणी वाजवायला बोलावत नसे. मग सगळी जहाजं मिळून तिला एक आवाज देतात. कुठला, ते भाचीला निवडू द्या. आमच्या नातीनं कुकरची शिट्टी निवडली, नातवानं बेस्टच्या बसचा हॉर्न, आणि त्यावरून दुसऱ्या दिवशी घरात जोरदार भांडण झालं.