तुमचे प्रश्न: मुलाचं पालकत्व घेतलं, पण पैसे नेमके जातात कुठे?

मागच्या अंकात खेड्यातल्या गरीब घरच्या मुलांना स्पॉन्सर करण्याबद्दल, म्हणजे संस्थेमार्फत एका मुलासाठी दर महिन्याला पैसे देण्याबद्दल, दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की हे सगळं सदर त्यालाच दिलंय. काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं नवरा-बायको एका मुलीचं शैक्षणिक पालकत्व घ्यायचं म्हणतोय. माझे दीर म्हणतात हा सगळा फोटो आणि पत्रांचा खेळ असतो, मुलीच्या हातात काही पडत नाही. खरंच अशा मदतीने कुणाची गरिबी हटलीय का हो?

उत्तर: दिरांना सांगा की हे तपासून पाहिलेलं आहे, आणि नीट तपासलेलं आहे. ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवे आणि लेन रटलेज या तीन अर्थतज्ज्ञांचा अभ्यास 2013 साली छापून आला. बोलिव्हिया, ग्वाटेमाला, भारत, केनिया, फिलिपिन्स आणि युगांडा अशा सहा देशांतल्या दहा हजारांहून जास्त लोकांची माहिती त्यात घेतली होती. लहानपणी कंपॅशन इंटरनॅशनल या संस्थेकडून मदत मिळालेली मुलं मोठी होऊन कुठे पोचली हे त्यांना पाहायचं होतं. आता मदत मिळालेलं मूल पुढे गेलं तर ते मुळातच हुशार होतं की मदतीमुळे गेलं हे कळणार कसं, तर त्यांनी एक छान गोष्ट हेरली. संस्था एखाद्या गावात पहिल्यांदा यायची तेव्हा 12 वर्षांपर्यंतच्याच मुलांना घ्यायची, त्यामुळे त्याच घरातली जरा मोठी भावंडं आपोआप बाहेर राहायची. आईवडील तेच, घर तेच, गरिबीही तीच, फरक फक्त वयाचा, म्हणून तुलना बऱ्यापैकी खरी होते.

निघालं काय तर मदत मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली, माध्यमिक शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण दर 100 मुलांमागे दहाहून जास्तने वाढलं, आणि मोठेपणी पगाराची, बसून करायची नोकरी मिळायची शक्यताही वाढली. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की जिथे मुलं मुळातच कमी शिकत होती तिथे फरक जास्त पडला, आणि जिथे मुली मुलांच्या मागे होत्या तिथे मुलींना फायदा जास्त झाला. म्हणजे तुम्ही मुलीचं नाव निवडताय ते चांगलंच करताय.

पण यातून कुठल्याही संस्थेला डोळे मिटून पैसे द्यायचे असा अर्थ काढू नका. तो अभ्यास एका संस्थेचा आहे, आणि तिथे मूल सरासरी नऊएक वर्षं कार्यक्रमात असायचं, दर आठवड्याला शाळा सुटल्यावर कित्येक तास तिथल्या मोठ्या माणसांसोबत, त्यात शिकवणी आली, पोटभर खाणं आलं, डॉक्टरची तपासणी आली, फी आणि युनिफॉर्म तर आहेच. वर्षातून एकदा वह्या वाटून फोटो काढणाऱ्या संस्थेकडून असला निकाल येणार नाही, तुमचे दीर बहुतेक असंच काहीतरी बघून बोलत असतील. अजून एक, ती संस्था ख्रिश्चन धर्मसंस्थांमार्फत काम करते आणि कार्यक्रमात धर्मशिक्षणही असतं. तुम्हाला ते चालणार की नाही हे तुम्ही ठरवा, पण कुठल्याही संस्थेला हा प्रश्न आधीच विचारा, कारण ज्या घराला मदत करायची तिथल्या आईबापांचा धर्म हा मदतीच्या बदल्यात मागायचा विषय नाही, माझं तरी या बाबतीत मत पक्कं आहे.

या अभ्यासानंतर त्याच मंडळींपैकी काहींनी इंडोनेशियात जकार्ताच्या वस्त्यांमधल्या मुलांना रंगीत पेन्सिली देऊन स्वतःचं पावसातलं चित्र काढायला सांगितलं आणि चित्रांवरून मुलांच्या मनाचा अंदाज घेतला. मदत मिळणाऱ्या मुलांच्या चित्रांत आनंद आणि आशा जास्त दिसली. हे हसण्यावारी नेऊ नका हं. घरात कुणीच शिकलेलं नसतं तेव्हा आपणही पुढे काही होऊ शकतो हे त्या पोराला आधी कुणीतरी सांगावं लागतं, ते एकदा मनात बसलं की फीचे पैसे कारणी लागतात, नाहीतर फी भरूनही पोरगं मधेच शाळा सोडतं.

प्रश्न: मी बरीच वर्षं एका मुलाला स्पॉन्सर करतोय, ते माझं एकट्याचंच आहे असं समजून. आता संस्थेच्या मेलमध्ये कळलं की पैसे त्या मुलाला न जाता गावच्या पाण्याच्या योजनेत आणि शाळेत जातात. ही फसवणूक नाही का?

उत्तर: तुम्हाला आधी सांगितलं नाही ही चूक आहे, राग येणारच, आणि तो संस्थेला कळवाच. पण पैसे गावात गेले याचं वाईट वाटून घेऊ नका, कारण काम तिथेच होतं.

एक मूल, एक पालक ही पद्धत युद्धातून आली. 1937 साली स्पेनमध्ये यादवी चालू असताना जॉन लँगडन-डेव्हिस नावाच्या इंग्लिश पत्रकाराने तिथल्या निराधार मुलांसाठी अशी योजना काढली, तीच आजची प्लॅन इंटरनॅशनल ही संस्था. पुढे 1950 च्या दशकात कोरियातल्या युद्धानंतर वर्ल्ड व्हिजन आणि कंपॅशन या संस्थांनी तिथल्या अनाथ मुलांसाठी हेच केलं. अनाथ मुलाला आईबापच नाहीत तर त्याच्या नावाने पैसे पाठवणं बरोबरच होतं. पण आज ज्या मुलाला तुम्ही पैसे पाठवता ते अनाथ नाही, त्याला आई आहे, बाप आहे, शेजारपाजार आहे, आणि त्याला शाळेत जाता येत नाही त्याची कारणं बहुतेक वेळा त्याच्या एकट्याची नसतातच. पाणी लांबून आणायचं असतं, बाप कामाला दुसरीकडे जातो म्हणून मूलही जातं, शाळेत शिक्षक नाही, घरात कुणी आजारी पडलं की जनावर विकायचं आणि पोराला कामाला लावायचं. यातलं एका मुलाच्या नावावर काय सुटणार सांगा.

केनियातलं एक उदाहरण मला फार पटतं. 1998 पासून तिथल्या बुसिया भागात 75 शाळांमध्ये मुलांना जंताच्या गोळ्या द्यायला सुरुवात झाली, टप्प्याटप्प्याने, म्हणून कुठे काय फरक पडला ते बघता आलं. एडवर्ड मिगेल आणि मायकल क्रेमर या अर्थतज्ज्ञांनी हिशोब केला तर गोळ्या मिळालेल्या शाळांत गैरहजेरी साधारण पाव हिश्शाने कमी झाली, आणि ज्यांनी गोळ्या घेतल्याच नाहीत अशा त्याच शाळेतल्या मुलांमध्येसुद्धा जंत कमी झाले, कारण जंत एकाकडून दुसऱ्याकडे जातात. आता त्या शाळेतल्या फक्त स्पॉन्सर असलेल्या मुलांनाच गोळी दिली असती तर? चार दिवसांत पुन्हा पहिल्यासारखंच.

शिवाय एकाच मुलाला बूट, दप्तर, सायकल मिळाली की बाकीच्या पोरांनी काय बघत राहायचं, आणि त्याच्याच घरातल्या धाकटीला काय वाटत असेल. यामुळे गावात भांडणं होतात, घरात रुसवे होतात.

मात्र "गावासाठी वापरले" ही ढाल करून कुणी हिशोब लपवत असेल तर सोडू नका. 1998 मध्ये शिकागो ट्रिब्यून या अमेरिकन वर्तमानपत्राने मोठी शोधमालिका छापली होती, त्यांच्या लोकांनी आपली ओळख न सांगता मुलं स्पॉन्सर केली आणि मग प्रत्यक्ष जाऊन त्या मुलांना शोधून काढलं. काही मुलांना मदत फारशी पोचलीच नव्हती, आणि एक मुलगी तर वारली होती तरी तिच्या नावाने देणगी घेणं चालूच होतं. त्यानंतर पुष्कळ संस्थांनी आपली पद्धत बदलली. तुम्ही एवढंच विचारा की मूल गाव सोडून गेलं, लग्न झालं, वारलं तर मला किती दिवसांत कळवाल, आणि गावात गेलेल्या पैशाचा हिशोब गावातल्या लोकांना दाखवता का. देणगीदाराला चकचकीत अहवाल सगळेच पाठवतात, गावाला हिशोब दाखवणारी संस्था मला जास्त भरवशाची वाटते.

प्रश्न: मी अशाच एका संस्थेत गावपातळीवर काम करते. लोकसहभाग म्हणून मीटिंग घेतो तर पुढे बसलेले चार जण बोलतात, बायका मागे गप्प, आणि जे सगळ्यात गरीब ते येतच नाहीत. मग पैसे कुठे लावायचे हे ठरवणार कोण?

उत्तर: ताई, तुम्ही जे पाहिलंत ते जगभर सगळीकडे असंच असतं. मीटिंगमध्ये झालेला ठराव म्हणजे गावाचं मत हे समीकरणच मोडायला हवं. ग्रामीण विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी आणि त्यांच्या आजूबाजूच्या अनेकांनी 1980 आणि 90 च्या दशकात ज्या पद्धती पुढे आणल्या त्यात हाच विचार आहे, जमिनीवर काड्या-दगड मांडून लोकांनीच गावाचा नकाशा काढायचा, कुठल्या घरात काय परिस्थिती आहे हे त्यांनीच लावून दाखवायचं. लिहिता न येणारा माणूस तिथे बोलायला लागतो, कारण काडी कुठे ठेवायची हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. बायकांची बैठक वेगळी घ्या, त्यांचं काम आटोपल्यावर, त्यांच्याच दारात. आणि जे येत नाहीत त्यांच्याकडे स्वतः जा, ते मजुरी बुडवून तुमच्या मीटिंगला येणार नाहीत आणि त्यांनी यावंही का.

दुसरं म्हणजे गावाच्या हातात त्यांचे स्वतःचे पैसे असू द्या. नायजर देशात 1991 साली केअर संस्थेने बायकांचे छोटे बचत गट सुरू केले, बाहेरचा एक पैसाही न घालता, आठवड्याला थोडं थोडं टाकायचं, त्यातूनच कर्ज घ्यायचं आणि वर्षाच्या शेवटी वाटून घ्यायचं. ही पद्धत पुढे आफ्रिकेत कितीतरी देशांत पसरली. ज्या बाईकडे आजारपणाला अडीअडचणीला गटातून पैसे काढायची सोय आहे ती मुलीला शाळेतून काढत नाही, आणि मीटिंगमध्ये तिचा आवाजही फुटतो.

अगदी तळाच्या घरांना मात्र बचत गटही झेपत नाही, आठवड्याला टाकायलाच काही नसतं. त्यांच्यासाठी बांगलादेशात ब्रॅक संस्थेने 2002 पासून वेगळा मार्ग काढला. एखादं जनावर किंवा धंद्याचं साहित्य द्यायचं, काही महिने घर चालेल एवढी रक्कम, शिकवणं, आणि दोनेक वर्षं सारखं घरी येऊन विचारपूस. हीच पद्धत सहा देशांत करून पाहिली त्याचे निकाल 2015 मध्ये आले, बहुतेक ठिकाणी कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावरही घरं सावरलेली दिसली. होंडुरासमध्ये जमलं नाही, तिथे बऱ्याच कुटुंबांनी कोंबड्या घेतल्या आणि त्या रोगाने मेल्या. वस्तू देताना ती तिथे जगेल का, हे तिथल्याच बाईला विचारायचं असतं ते यासाठी.

प्रश्न: मुलाला वाढदिवसाला मोठं गिफ्ट पाठवू का? आणि भेटायला जाता येईल का?

उत्तर: गिफ्ट नको, कारण वर आलंच आहे. पत्र पाठवा, लहानसं, साधं, तुमच्या घराचे गाड्यांचे फोटो न घालता. भेट फक्त संस्थेमार्फत, आधी ठरवून, त्यांचा माणूस सोबत असतानाच. घरचा पत्ता, फोन, सोशल मीडिया यातलं काही मागू नका आणि मुलाचा फोटो कुठे टाकू नका. हे नियम तुमच्यावर संशय म्हणून नाहीत, मुलाच्या रक्षणासाठी आहेत, जी संस्था हे नियम पाळत नाही तिच्यापासून लांबच राहा.

प्रश्न: नोकरी गेलीय, दर महिन्याची रक्कम पुढे भरणं जमणार नाही. त्या मुलीचं आता काय होईल या विचाराने झोप लागत नाही.

उत्तर: आजच संस्थेला कळवा, शेवटचा हप्ता चुकायची वाट बघू नका. चांगली संस्था दुसरा स्पॉन्सर मिळेपर्यंत आपल्या फंडातून चालवते आणि मुलीचं शिक्षण थांबत नाही, तुमच्या संस्थेत असं होतं का ते स्पष्ट विचारा. तिला एक पत्र लिहा, कारण मुलं अशा वेळी आपलंच काही चुकलं असं धरून बसतात, म्हणून त्यात सरळ लिहा की माझं काम गेलंय, तुझ्यावर कसलाही राग नाही, तू शीक. पुढे परत जमलं तर तेव्हा पुन्हा सुरू करता येतं.

ज्यांना आता नव्याने सुरू करायचंय त्यांनी मात्र कमी रक्कम निवडली तरी चालेल, पण चार-पाच वर्षं तरी ओढता येईल अशीच निवडा.