पोपनं मजुरीवर लिहिलं, पण वेचणीवालीचं काय?

तुमचे प्रश्न, आमचं डोकं

प्रश्न : भाऊ, मी घाटंजी तालुक्यातला कास्तकार, सात एकर कोरडवाहू, पऱ्हाटी (कापूस) अन् तूर. पोरगं मिशनच्या शाळेत शिकते. तिथं कार्यक्रमात फादरनं भाषण देल्लं का चर्चची एक 'सामाजिक शिकवण' हाये, मजुराले न्याय, शेतकऱ्याले न्याय, गरिबाचा इचार पयले. आयकाले लय बेस वाटलं. पन घरी आल्यावर डोक्यात आलं, हे कम्युनिस्टायचं हाये का शेठलोकायच्या बाजूचं? आमी काई ख्रिश्चन नाई. आमच्या कामाचं त्यात काई हाये का नुसतं गोड बोलनं? चांगलं काय अन् कच्चं काय, दोनी सांगा.
— एक कास्तकार, घाटंजी

उत्तर : भाऊ, ते ना यांचं ना त्यांचं, म्हणूनच दोघांच्याही शिव्या खाते. १५ मे १८९१ ला पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' नावाचं पत्रक काढलं, तेव्हा युरोपात कारखान्यांमध्ये बाया-लेकरं सुद्धा मरमर राबत होती. त्यात एकीकडं म्हटलं की खाजगी मालमत्ता हा माणसाचा हक्क आहे, समाजवाद्यांचं आम्हाला पटत नाही, अन् दुसरीकडं मालकांना सुनावलं की मजुरी इतकी तरी पाहिजे की मजुराचं घर चालेल, मजुरांना संघटना बांधता आली पाहिजे, अन् वेळ पडली तर सरकारनं मधात पडावं. उशीर झाला होता हे बाकी खरं. कम्युनिस्टांचा जाहीरनामा १८४८ चा, म्हणजे ४३ वर्षं आधीचा. कामगार हातातून चालला तेव्हा रोमला जाग आली असं टीकाकार म्हणतात, अन् मला त्यात तथ्य वाटते. पण जाग आली ती टिकली, त्यानंतर जवळपास प्रत्येक पोपनं या विषयात भर घातली, २०२५ ला निवडून आलेल्या पोपनी तर लिओ चौदावे हे नावच त्या जुन्या लिओंची आठवण ठेवून घेतलं.

आता तुमच्या कामाचं. त्या १८९१ च्या पत्रकात एक मुद्दा असा आहे की मजूर 'हो' म्हणाला म्हणून सौदा न्यायाचा होत नाही. पोटाची गरज नाहीतर भीती, यापायी त्यानं कमी पैशात काम कबूल केलं असेल तर तो जबरदस्तीचा बळी आहे. माझ्या मते या सगळ्या शिकवणीतला सगळ्यात धारदार मुद्दा हाच. दिवाळीच्या तोंडावर खेडा खरेदीवाला दारात गाडी लावते, काटा त्याचा, भाव त्याचा, ओलावा आहे म्हणून कट्टी त्याची, अन् तुम्ही मान डोलावता कारण कृषी केंद्राची उधारी डोक्यावर आहे. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, पण सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, ओलावा १२ टक्क्यांच्या वर चालत नाही अन् ८ च्या वर गेला की पैसे कापतात, मग वाळवायला ना जागा ना दम, माल जाते खाजगीत. कायद्याच्या भाषेत हा राजीखुशीचा व्यवहार, पण या शिकवणीच्या हिशोबानं नाही.

शेतीवर वेगळं सुद्धा लिहिलंय. १९६१ ला पोप जॉन तेविसावे यांच्या 'मातेर एत माजिस्त्रा' या पत्रकात शेतीला मागं पडलेलं क्षेत्र म्हटलं अन् काय काय पाहिजे ते सांगितलं : परवडणाऱ्या व्याजाचं कर्ज, विमा, भावाला संरक्षण, गावात जोडधंदे, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था. अन्न सगळ्यांना लागते म्हणून भाव फार चढू नये हे कबूल, पण त्यापायी शेतकऱ्याला कायम खालीच दाबून ठेवायचं हे चालणार नाही, असं त्यात आहे. आपल्याकडं मोर्चात हेच तर बोलतात! पुढं १९६७ ला पोप पॉल सहावे यांनी तोच मुद्दा देशादेशातल्या व्यापाराला लावला, की दोन बाजू बरोबरीच्या नसल्या तर नुसता खुला बाजार न्याय देत नाही. ज्याचा कापसाचा भाव अमेरिकेतल्या वायद्यावर हलते त्याला हे वेगळं समजवायची गरज नाही.

पण भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, हाच मुद्दा तुमच्या धुऱ्यावरही येऊन उभा राहते. संध्याकाळी वेचणीच्या बाया गाठोडी बांधून रांगेत बसतात, तुम्ही ताणकाटा धरता, गाठोडं लटकवता, काटा थरथरत असतानाच आकडा बोलता अन् किलोमागं जे ठरलं ते वहीत टाकता. तिनं पण 'हो' म्हटलेलंच असते. व्यापाऱ्यासमोर तुम्ही मजूर अन् तिच्यासमोर तुम्ही मालक, अन् वरून भाव नाही मिळाला तर तुम्ही तिला कुठून देणार? इथं शिकवण कच्ची पडते. मालकानं रास्त मजुरी द्यावी हे ती कारखानदाराला सांगू शकते, पण सात एकरवाल्या मालकाकडंच पैसा नसला तर काय, याला उत्तर एवढंच की सरकारनं अन् समाजानं परिस्थिती बदलावी. बरं, जुन्या पत्रकांमध्ये मजुरीचा हिशोब असा की बाप्या कमावते अन् त्यावर बायको-पोरं जगतात. आपल्याकडं वेचणी अन् निंदण बायांच्याच हातावर चालते, कितीतरी घरं तिच्याच मजुरीवर उभी आहेत. १९८१ च्या पत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी भांडवलापेक्षा माणसाचं श्रम मोठं असं ठासून सांगितलं ते छानच, पण त्यातही कुटुंब चालवणारा एक कमावता हेच चित्र पुढं आहे, बाईची पहिली जागा घरात असं धरून.

दुसरी गोष्ट, १९३१ ला पोप पायस अकरावे यांनी मांडलेली : जे काम खालच्या पातळीवर होते ते वरच्यानं हिसकावू नये, वरच्यानं फक्त आधार द्यावा. आपल्या राज्यानं १९७२ पासून कापूस एकाधिकार योजना चालवली, कापूस फक्त सरकारलाच विकायचा. हेतू चांगला होता, पण शेतकऱ्यांचे चुकारे (मालाचे पैसे) लटकले, तोटा डोंगराएवढा झाला अन् शेवटी योजना गुंडाळली. याच्या उलट धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा बघा, गडचिरोलीत. तिथल्या ग्रामसभेनं २००९ ला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, बांबू स्वतः विकला, निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं होतात. त्या लोकांनी पोपचं काही वाचलं नव्हतं, पण पायस अकरावे म्हणत होते ते असंच काहीतरी.

पण मेंढा-लेखा गोंडांचं गाव, तिथं माणसं बऱ्यापैकी बरोबरीची. जिथं पाटलाचा वाडा अन् वेशीबाहेरची वस्ती असं गाव आहे, तिथं खाली सत्ता दिली की ती कुणाच्या हातात जाते? बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावाच्या गौरवगीतावर कोरडे ओढले ते याचसाठी. या शिकवणीतलं हे मोठं भगदाड आहे असं मला वाटते, 'खालचा स्तर' हा आपोआप चांगला असं ती जरा जास्तच धरून चालते. गरिबांना आधी बघा असा दुसरा नियम आहे त्यात, मान्य, पण दोन नियमांचं भांडण झालं तर कोणता वर, हे फादरलाच विचारा एकदा.

अन् अंमलबजावणी? सगळं भलेपणावर. आपल्या वर्ध्यात गांधीजी विश्वस्तपणाचं बोलले, म्हणजे श्रीमंतानं संपत्ती समाजाची ठेव म्हणून सांभाळावी, पवनारच्या विनोबांनी १९५१ ला भूदान सुरू केलं, तिथंही आवाहन ज्याच्याकडं आहे त्याच्या मनालाच होतं, अन् दान आलेल्या जमिनीत खडकाळ अन् वादातली किती होती ते जुनी माणसं सांगतात. चर्चच्या शिकवणीतून उभं राहिलेलं जोरदार उदाहरण पाहिजे तर स्पेनमधलं मोंद्रागोन. एका तरुण पाद्र्यानं १९४३ ला तंत्रशाळा काढली, तिथल्याच पोरांनी १९५६ ला सहकारी कारखाना टाकला, आज तिथं सत्तर हजाराच्या आसपास लोक कामाला आहेत अन् सगळ्यात वरच्या अन् खालच्या पगारातलं अंतर फार वाढू देत नाहीत. त्यांचाही फ्रिज-वॉशिंग मशीनचा मोठा कारखाना २०१३ ला बुडाला, पण बरेच कामगार त्यांनी आपल्याच दुसऱ्या संस्थांमध्ये सामावून घेतले. तिथं प्रवचनानं नाही झालं, शाळा, बँक अन् हिशोब यांनी झालं. अन् आपल्याकडं? नागपूर, वर्धा, बुलडाणा, तिन्ही जिल्हा बँका गाळात गेल्या, सहकार हा शब्द ऐकला की कास्तकार खिसा चाचपते.

प्रश्न : एवढी समतेची शिकवण तर चर्चमध्ये जात का दिसते?
— नागभीड

उत्तर : दिसते, अन् ते आता लपवलेलं पण नाही. डिसेंबर २०१६ ला भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलितांबद्दलचं धोरण काढलं त्यात चर्चच्या आत भेदभाव होतो हे त्यांनीच कबूल केलं. सरकारकडूनही मार आहे : १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, मग १९५६ ला शिखांना अन् १९९० ला बौद्धांना मिळाला, दलित ख्रिश्चन अजून बाहेर. सरकारकडं हक्क मागताना घरातली पंगत आधी एक करा, हे बोलणारे दलित ख्रिश्चनच आहेत.

प्रश्न : मी चर्चच्या संस्थेच्या विनाअनुदानित शाळेत शिक्षिका. प्रार्थनेला न्यायाचं बोलतात अन् महिन्याला सही एका आकड्यावर घेतात, हातात दुसराच. बोलू की गप्प राहू?
— नाव नको

उत्तर : ताई, शाळेचं नाव छापत नाही. तुमच्या बाजूनं खुद्द चर्चचाच कागद आहे : १९७१ ला रोमला जगभरातल्या बिशपांची सभा झाली, तिच्या निवेदनात म्हटलं की जो लोकांना न्याय सांगायला निघतो तो आधी त्यांच्या नजरेत न्यायी असला पाहिजे, अन् चर्चसाठी राबणाऱ्याला पुरेसा पगार मिळाला पाहिजे. मॅनेजमेंटसमोर ते वाक्य ठेवायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. एकटी जाऊ नका, दोन-चार जणी मिळून जा, संघटनेचा हक्क तर १८९१ पासून मान्य आहे. पगार बँकेतूनच द्या असं लेखी मागा, पासबुक अन् नेमणुकीचं पत्र जपून ठेवा, कोऱ्या व्हाऊचरवर सही करू नका. खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी राज्यात १९७७ चा कायदा आहे, पगाराची तक्रार जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्याकडं लेखी द्या अन् पोच घ्या, काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणात अपील करता येते, त्याला मुदत असते म्हणून वकिलाला लगेच गाठा.