गडावरचा वाढदिवस

प्रश्न : डिसेंबरात आम्ही बाराजण पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर मुक्कामी जातोय. त्याच दिवशी भाचीला सोळावं वर्ष लागतंय. केक वर कसा न्यावा?

उत्तर : क्रीमचा केक नकोच, सॅकमध्ये तो चेपतो. त्याऐवजी वर गरमागरम शिरा करा. थंडीत तोच जास्त रुचेल. अर्धा किलो रवा २०० ग्रॅम तुपात घरीच खमंग भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत भरा. कोमट भरलात तर वाफ धरून गुठळ्या होतात. ४०० ग्रॅम साखर आणि वेलचीपूड वेगळ्या पुडीत ठेवा. हे सामान भाचीच्या सॅकमध्ये जाणार नाही एवढं बघा!

वर दीड लिटर पाणी खळखळ उकळलं की रवा ढवळत ढवळत सोडा, झाकण ठेवून फुलू द्या, मगच साखर घाला. साखर आधी पडली तर रवा नीट फुलत नाही, दाताखाली कचकचतो. स्टोव्ह दगडांच्या आडोशाला लावा, तंबूत अजिबात नाही. तूप लावलेल्या डब्यात शिरा दाबून ताटात उपडा केला की झाला केक.

मेणबत्त्या वाऱ्यात टिकत नाहीत. आडोशाला निरांजन लावून औक्षण करा. फुगे, पार्टी पॉपर मात्र नेऊ नका. हे अभयारण्य आहे, आणि चमकीचे तुकडे कातळाच्या फटींतून वेचून निघत नाहीत.