कमेंट कुठे लिहायची?

प्रश्न : ताई, मी सोलापुरात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत एका मुक्त टेक्स्ट एडिटरच्या सोर्स कोडमधल्या कमेंट (कोड वाचणाऱ्या माणसासाठीच्या टिपा) सुधारायचं काम अंगावर घेतलं. कर्सर हलवणाऱ्या एका फाइलमध्ये २१२ कमेंट घालून पॅच, म्हणजे बदलांचा संच, पाठवला. प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरनं एका ओळीत परत केला : 'कोड सांगतो तेच पुन्हा सांगितलंय.' नवख्यानं या कामाला हात घालूच नये का? आणि मराठीत विचार करणाऱ्यानं इंग्रजी कमेंट कशी लिहावी?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : पॅच सोबत जोडलास हे फार बरं केलंस. दोन संध्याकाळी बसून मी तो पूर्ण वाचला. मेंटेनरचं उत्तर तुटक आहे, पण खोटं नाही. 'मोजणी एकने वाढवा', 'बफर रिकामा असेल तर परत जा' हे सी भाषा येणाऱ्याला त्या ओळीतच दिसतं. मात्र सहा कमेंट मला ठेवाव्याशा वाटल्या. त्यांच्याकडे येते, आधी वडिलांची एक गोष्ट सांगते.

माझे वडील आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात जॅकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, कार्डं पंच करायचे. आकडे तेलुगूत मोजायचे, माझ्याशी मराठीत बोलायचे. एका डिझाइनला शेकडो कार्डं, दोऱ्यानं ओवून त्यांची माळ केलेली. कार्डाला जिथे भोक, तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो. एका मोराच्या डिझाइनमध्ये डोळ्यापाशी धागा सारखा तुटायचा, म्हणून त्यांनी तिथलं एक भोक कागदाचा तुकडा चिकटवून बुजवलं. पुढे ते रजेवर असताना दुसऱ्या कारागिराला ती चूक वाटली. त्यानं कागद काढला आणि रात्रपाळीत धागे पुन्हा तुटू लागले. त्या माणसाचा काय दोष? कार्डावर भोक दिसतं, भोक का बुजवलं ते दिसत नाही. तेव्हापासून वडील कार्डाच्या मागे पेन्सिलनं कारण लिहायला लागले. (कार्डांवर आणि फितींवर असे तुकडे चिकटवून दुरुस्ती करत, सॉफ्टवेअरमधला 'पॅच' हा शब्द तिथूनच आला.)

आता तुझ्या सहांपैकी पहिली कमेंट. एका फंक्शनला 'लांबी' नावाची संख्या दिली जाते आणि तू शेजारी लिहिलंस, 'ही लांबी बाइटमध्ये, अक्षरांत नाही.' शाब्बास! 'सोलापूर' हा शब्द घे. डोळ्याला चार अक्षरं. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, उकार वेगळे धरून सात चिन्हं. यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे २१ बाइट. विम या एडिटरमध्ये 'स्ट्रलेन' हे फंक्शन २१ सांगतं आणि 'स्ट्रचार्स' ७. दोन्ही बरोबरच, फक्त कुठला हिशेब कुठे ते लिहिलेलं हवं. इंग्रजी मजकुरात तिन्ही आकडे बहुधा एकच येतात, म्हणून कितीतरी जणांना ही शंका शिवतही नाही. तुला शिवली, कारण तू एडिटरमध्ये मराठी टाइप करतोस. नवख्यानं लिहावं का, याचं माझं उत्तर इथेच आहे : जिथे अडखळलास तिथेच लिही, आणि लवकर लिही. सहा महिन्यांनी कोड अंगवळणी पडला की कुठे अडखळलो होतो तेच आठवणार नाही.

दुसरी कमेंट मजकुराच्या साठवणीबद्दल आहे. ईमॅक्ससारखे काही एडिटर मजकुराच्या मधोमध एक मोकळी जागा ठेवतात, म्हणजे तिथे टाइप करताना पुढचा सगळा मजकूर सरकवावा लागत नाही. दुसरीकडे टाइप करायचं तर ती जागा तिकडे न्यावी लागते, आणि नेताना मजकूर मेमरीत हलतो. मग आधी घेऊन ठेवलेला पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) भलतीकडेच बोट दाखवतो. तू लिहिलंस, 'या कॉलनंतर जुना पॉइंटर वापरू नये.' ही गोष्ट फंक्शनच्या नावात नाही, ते बोलावणाऱ्या ओळीतही नाही. अशी अट कमेंटमध्येच राहू शकते.

बाकीच्या चार याच जातीच्या आहेत. एकीत मात्र तू कारण अंदाजानं लिहिलंयस. तसं करू नकोस. गिट ब्लेम या आज्ञेनं ती ओळ कुठल्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) आली ते शोध, त्या कमिटचा संदेश वाच, ओळ काढून चाचण्या चालवून बघ. तरी उलगडा झाला नाही तर मेंटेनरला विचार. चुकीची कमेंट कोऱ्या जागेपेक्षा वाईट, कारण वाचणारा तिच्यावर विश्वास टाकतो. आणि कमेंटच्या पॅचमध्ये कोडची एकही ओळ बदलू नकोस. तू दोन ठिकाणी बदलली आहेस. तपासणाऱ्याला मग सगळंच पारखून घ्यावं लागतं.

प्रत्येक प्रकल्पाची लिहायची रीत आधी वाच. ईमॅक्समध्ये फंक्शनच्या माहितीची पहिली ओळ स्वतंत्र, पूर्ण वाक्य असावी लागते, कारण शोधाच्या यादीत तेवढीच दिसते. ईमॅक्समधलं 'चेकडॉक' हे साधन ते तपासूनही देतं.

हे काम मला किरकोळ वाटत नाही. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये विम लोकांपुढे आणला, तीस वर्षांहून अधिक काळ सांभाळला आणि ३ ऑगस्ट २०२३ ला ते गेले. विम आज इतर लोक पुढे नेत आहेत. आता ब्रामना विचारता येत नाही. कमेंटमध्ये, कमिटच्या संदेशांत आणि मदतीच्या फाइलींत जे लिहिलेलं आहे, त्यावरच या लोकांना विसंबावं लागतं.

भाषेचं म्हणशील तर वहीत आधी मराठीतच लिही : 'हे असं आहे, कारण...' 'कारण'च्या पुढे काही सुचलं नाही, तर ती कमेंट गाळ. सुचलं, तर त्याचं साधं, छोटं इंग्रजी वाक्य कर. व्याकरण मेंटेनर सुधारतील, कारण मात्र तुलाच द्यावं लागेल.

अंदाजाची सोडून उरलेल्या पाच कमेंट एका पॅचमध्ये पाठव. सोबत लांबीची छोटी चाचणी वेगळ्या पॅचमध्ये जोड आणि तिच्यात शब्द 'सोलापूर' हाच ठेव.