ताप उतरल्यानंतरचे दिवस

प्रश्न: वडील ७१ वर्षांचे, मधुमेही. फ्लूमुळे तीन दिवस दवाखान्यात होते. घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी हार्ट अटॅक आला. भरती करताना ईसीजी चांगला होता. मग हे कसं झालं? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर: या दोन गोष्टींचा संबंध आहे, आणि तो घरच्यांना आधी कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचं अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात. ते धड असेल तर रक्त आत गोठत नाही आणि वाहिनी गरजेप्रमाणे सैलावते. शरीर विषाणूशी झुंजू लागलं की त्या सुजेची झळ या अस्तरालाही लागते. गुळगुळीत होतं ते चिकट होतं. हृदयाच्या वाहिनीत आधीच चरबी साचलेली असेल, तर तो थर फुटून त्यावर गुठळी धरते. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तपासणीत फ्लू नक्की झाल्यावर पहिल्या ७ दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच माणसांच्या एरवीच्या काळापेक्षा सुमारे ६ पट आढळलं. तुमच्या वडिलांचा अटॅक याच आठवड्यातला. ईसीजी त्या घडीचं सांगतो, पुढच्या आठवड्याचं नाही.

आपल्या घरांत एक चूक मी वारंवार पाहतो: ‘पोटात अन्न नाही’ म्हणून सगळ्याच गोळ्या बंद करतात. शुगरच्या गोळीचा डोस अशा वेळी बदलावा लागतो हे खरं, पण तो डॉक्टरांना विचारून. हृदयाच्या गोळ्या मनाने सोडू नका. आणि वडील बरे झाले की त्यांना फ्लूची लस द्या, ती दरवर्षी घ्यावी लागते.

प्रश्न: मुलीला डेंगी झाला. पाचव्या दिवशी ताप गेला, प्लेटलेट्स ७० हजार होते, तरी डॉक्टरांनी घरी सोडलं नाही. बिल वाढवण्यासाठी तर नाही ना?

उत्तर: नाही. डेंगीत धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, आणि तो २४ ते ४८ तास टिकतो. वाहिन्यांचं अस्तर झिरपू लागतं, रक्तातलं पाणी बाहेर पडतं आणि रक्त दाट होतं. म्हणून प्लेटलेट्सइतकंच हिमॅटोक्रिटही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, विचारत जा. प्लेटलेट्स घसरताना तो चढू लागला, तर ती धोक्याची खूण. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल पडणं ही लक्षणं दिसली तर घरी थांबूच नये. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. हृदयरोगासाठी ॲस्पिरिन आधीपासून चालू असेल, तर डेंगीत त्याबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा.

प्रश्न: २०२१ मध्ये माझे दीर कोविडने आयसीयूत गेले. वॉर्डातल्या शेजारच्या रुग्णाला हेपरीनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) पूर्ण डोस होता, यांना कमी. ते वाचले नाहीत. हलगर्जी झाली का?

उत्तर: हा प्रश्न तुम्ही इतकी वर्षं मनात वागवलात. दिरांचे कागद मी पाहिलेले नाहीत, पण डोसमधल्या फरकाला कारण होतं. त्याच वर्षी मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले: वॉर्डातल्या मध्यम आजारी रुग्णांना पूर्ण डोसचा फायदा झाला, आयसीयूतल्या अतिगंभीर रुग्णांना झाला नाही, आणि रक्तस्रावाचा धोका मात्र राहिला. अस्तराची हानी एका टप्प्यापलीकडे गेली की नुसतं रक्त पातळ करून ती भरून निघत नाही. डोस कमी होता, एवढ्यावरून हलगर्जी झाली असं म्हणता येत नाही.

प्रश्न: डी-डायमर वाढलेलं आहे, ॲस्पिरिन सुरू करू का?

उत्तर: मनाने नको. डी-डायमर म्हणजे रक्तातली गुठळी विरघळताना सुटणारा घटक. वय, जंतुसंसर्ग, ऑपरेशन अशा कितीतरी कारणांनी ते वाढतं.

प्रश्न: रक्तवाहिन्यांच्या अस्तराची तपासणी करून घेता येते का?

उत्तर: येते. हातावर पट्टा बांधून ५ मिनिटं रक्तप्रवाह थांबवतात, मग पट्टा सोडल्यावर दंडाची धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीने मोजतात. कोविडने भरती झालेल्यांत ती कमी रुंदावली, त्यांचे हाल जास्त झाले, असं काही अभ्यासांत दिसलं. पण रोजचे उपचार या आकड्यावर ठरत नाहीत, तेव्हा त्यावर पैसे घालू नका. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासा आणि तंबाखू, गुटखा आजच सोडा. दवाखान्यातून आल्यावर घरातल्या घरात थोडं चाला. त्यात छाती दाटली, एकाच पोटरीला सूज आली किंवा अचानक दम लागला, तर रात्र असली तरी निघा, सकाळची वाट पाहू नका.