आकडे एकाखाली एक येतच नाहीत!

प्रश्न: मी लहान मुलांसाठी वर्डमध्ये हातच्याच्या वजाबाकीच्या वर्कशीट बनवते. स्पेस देऊन देऊन एककाखाली एकक आणते, स्क्रीनवर बरोबर वाटतं पण प्रिंट काढली की कुठे दशक सरकलेला, कुठे रेघ भलतीकडेच. फॉन्ट बदलला तर अख्खं पान विस्कटतं. काय करू?

उत्तर: ताई, आधी स्पेसबारवरचा हात काढा. बहुतेक फॉन्टमध्ये स्पेस आकड्यापेक्षा अरुंद असते, त्यामुळे कितीही स्पेस मारल्या तरी थोडं इकडे नाहीतर थोडं तिकडे होणारच. काही फॉन्टमध्ये तर आकडेही सारख्या रुंदीचे नसतात, आणि जॉर्जियासारख्या फॉन्टमध्ये ३, ४, ५, ७, ९ हे इंग्रजी आकडे ओळीच्या खाली लोंबतात, दिसायला छान पण गणिताला अजिबात नको.

सरळ टेबल घ्या. तीन अंकी वजाबाकीला ४ कॉलम, पहिल्यात वजाचं चिन्ह आणि मग शतक, दशक, एकक, म्हणजे एका घरात एकच अंक. ओळीही ४ : सगळ्यात वर हातच्यासाठी रिकामी, मग दोन संख्या, मग उत्तर. ही वरची ओळ लोक हमखास विसरतात आणि मग मुलं ५०२ - २६८ करताना ४, ९, १२ कुठेतरी कोंबून लिहितात, त्यात चूक झाली की म्हणायचं याला हातचा येत नाही! अहो जागाच नाहीये तर लिहिणार कुठे.

कॉलम १ सेंमीचे ठेवा, ओळीची उंची 'एक्झॅक्टली' करून तीही १ सेंमी, आणि टेबलच्या ऑप्शन्समध्ये मजकुराप्रमाणे आपोआप रुंदी बदलायची टिक असते ती काढून टाका. अंक घराच्या मधोमध बसत नसेल तर पॅराग्राफच्या खाली सोडलेली जागा शून्य करा, नव्वद टक्के वेळा घोळ तिथेच असतो. मग सगळ्या बॉर्डर काढून फक्त दुसऱ्या संख्येखालची जाड रेघ ठेवा, ती आता टेबलचाच भाग आहे, कुठे जाणार नाही.

एक गणित नीट जमलं की तेच कॉपी करायचं. ए४ कागद २१० मिमी रुंद, दोन्हीकडे १५ मिमी समास सोडला की उरले १८०, त्यात ४ सेंमीची तीन गणितं आणि मध्ये ३-३ सेंमीच्या दोन फटी बरोब्बर बसतात. दशांश अपूर्णांक असतील तर टिंबाला वेगळा बारीक कॉलम द्या.

प्रश्न: मोजायला १० सेंमीची रेघ दिली होती, मुलांची पट्टी साडेनऊच दाखवते. आणि चित्रं एका ओळीत लावायला गेलं की अलाइनचं बटण चालतच नाही.

उत्तर: प्रिंट करताना 'फिट टू पेज' चालू राहिलं असणार, त्यात पान आक्रसतं. 'ॲक्च्युअल साइज' किंवा १०० टक्के निवडा आणि फाइल दुसऱ्याला द्यायची असेल तर पीडीएफच द्या, पण ही सेटिंग त्यालाही सांगा, नाहीतर पुन्हा तेच. चित्रांचं म्हणाल तर ती 'इन लाइन विथ टेक्स्ट' आहेत, रॅप बदलून 'इन फ्रंट ऑफ टेक्स्ट' करा, मग सगळी सिलेक्ट करून आधी 'अलाइन मिडल', नंतर 'डिस्ट्रिब्यूट हॉरिझॉन्टली'. शेवटी ग्रुप करा, म्हणजे एकटंदुकटं चित्र माऊस लागून हलणार नाही.